एकोणतीस वर्षांचा मापाडी

“मामा, हलू नका. मुठी घट्ट धरा. बस, पाच सेकंद.”

भुजंगमामा अनवाणी पायांनी काचेच्या पाटीवर उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांत तारेला जोडलेली एकेक पांढरी मूठ होती. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची पोती काट्यावर चढवली होती. स्वतः चढायची वेळ वर्षातून एकदा, दसऱ्याला यायची, आणि तेव्हा हातात धरायला असं काही कुणी देत नसे.

“खाली गालिचा हाये,” मामा म्हणाले. “गालिच्यावर काटा ठिवत न्हाईत कल्याण. कडक जमीन लागती.”

“मामा, हे मशीन आहे. काटा न्हाई.”

“आकडा दाखवून राह्यलंय ना? मंग काटाच.”

मशीननं चिमणीसारखा आवाज केला आणि कल्याणनं मोबाइलमध्ये पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. मग त्यानं बायकोला हाक मारली. तृप्ती रजिस्टर घेऊन आली आणि तिनंही पाहिलं. खुर्च्यांवर बसून उंच ग्लासांतून गुलाबी दूध पिणारी अकरा माणसं प्यायची थांबली.

“वजन चोपन्न,” कल्याणनं वाचलं. “चरबी अकरा टक्के. आणि शरीराचं वय...” इथं तो थांबला, कारण थांबायचं कुठं हे त्याला ऑनलाइन ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. “एकोणतीस!”

अकरा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

“माझं वय बासष्ट हाये,” मामा म्हणाले.

“ते कागदावरचं, मामा. हे आतलं.”

“आतलं काहून येगळं आसंल? मी आत नंतर गेल्तो का?”

कल्याण हा मामांच्या बहिणीचा, तुळजाबाईचा मुलगा. वाटूर फाट्यावरच्या या एकाच गाळ्यात त्यानं आधी जुने मोबाइल विकले होते, मग आधार कार्डांना प्लास्टिक चढवलं होतं, आणि मध्यंतरी दीड वर्ष इमू नावाचा पक्षी पाळला होता. तो पक्षी शेवटी कुणीच विकत घेईना, तेव्हा एका संध्याकाळी तो स्वतःच परतूरच्या दिशेनं चालता झाला. आता अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर गाळ्याला हिरवा रंग देऊन ‘फिटगंगा वेलनेस हब’ उघडलं होतं. भिंतीवर लावलेल्या फळीवर डबे होते: ताकदीचे, झोपेचे, केसांचे, आतडी धुण्याचे. एका कोपऱ्यात ज्वारीच्या लाह्यांची चकचकीत पाकिटं होती. त्यांवर ‘पूर्वजांचं सुपरफूड’ असं छापलं होतं. मामांनी एक पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मागच्या हंगामात ही ज्वारी आपणच मोजून ट्रकमध्ये चढवली असावी, अशी त्यांना दाट शंका आली. ज्वारीनं मात्र ओळख दाखवली नाही.

“मामा, येवढा एक घोट घ्या,” कल्याण म्हणाला. “कुल्फी फ्लेवर.”

मामांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि भाच्याचा मान राखून गिळला.

“कसं लागलं?”

“वली भिंत चाटल्यावानी. पर गोड.”

“आता फक्त ग्लास हातात धरा. फोटोपुरता. उद्घाटनाचा फोटो हाये मामा, आईला दाखवायचा.”

मामांनी ग्लास धरला. इथं त्यांच्याकडून चूक झाली, आणि त्यांच्या धंद्यात जी पहिली चूक मानतात तीच ती होती. काटा चालू असताना मापाड्यानं पारड्याला बोट लावायचं नसतं. बोट कितीही प्रेमानं लावलेलं असलं तरी आकडा खोटा येतो. पण बहिणीचं नाव निघालं होतं, आणि फोटो चांगला यावा म्हणून मामा चक्क हसलेही.

*

पंधरा दिवसांनी फाट्यावर, जिथं चारी रस्त्यांच्या एसट्या थांबतात तिथं, बारा फुटी बॅनर लागला. त्यावर मामा खऱ्या मामांपेक्षा दुप्पट उंच होते. गाल थोडे गुलाबी केले होते. वर मजकूर होता: ‘वय ६२. शरीराचं वय २९. गुपित? फिटगंगा! – श्री. भुजंगराव, मापाडी, वाटूर.’

पहिले आठ दिवस मजा झाली. हॉटेलवाला भागवत त्यांना चहा देताना म्हणायचा, “घे पोरा.” बाजारातले हमाल विचारायचे, लग्नाचं कुठं बघून राह्यलेत का. घरी त्यांची बायको द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “मी अठ्ठावन्नची. लोकं म्हनतेल म्हातारीनं पोरगं ठिवलं. बाहीर जाताना जरा लांबून चालत जा.”

“काढ म्हनलो कल्याणला.”

“मंग?”

“म्हनला, छापायचा खर्चा झालाय, निदान सहा महिने राहू द्या.”

मामांनी मनावर घेतलं नाही. बॅनरवर काय, कुणाकुणाचे फोटो असतात. फाट्यावर वाढदिवसाचे बॅनर लागतात, त्यातल्या निम्म्या लोकांना त्या गावात कुणी ओळखत नाही.

मामांना मात्र ओळखत होते, आणि पंचाईत तिथंच होती.

बाजारात मापाड्याचं काम सांगायला सोपं आहे. हमाल पोतं काट्यावर ठेवतो. मापाडी आकडा बघतो आणि मोठ्यानं बोलतो. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. पुढं दोन, तीन. पोत्यातून बारदाना, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचा. आणि आडत्याचा मुनीम तो आकडा वहीत टिपेपर्यंत मापाड्यानं तोच आकडा ओरडत राहायचा. “साठ साठ साठ साठ.” मनातल्या मनात मोजलेलं माप हे माप नसतं. शेतकऱ्यानं, आडत्यानं, हमालानं, समोर पानटपरीवर उभ्या असलेल्या रिकामटेकड्यानंसुद्धा ऐकलं पाहिजे.

मामांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. एका वर्षी एका आडत्यानं त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, प्रत्येक पोत्यामागं अर्धा किलो मागं ठेवत जा. मामा काट्यावर परत आले आणि त्यांनी पुढचं पोतं मोजताना त्याच सुरात पुकारलं, “अठ्ठावन्न अठ्ठावन्न, शेठ म्हनत्येत साडेसत्तावन्न, अठ्ठावन्न अठ्ठावन्न!” त्या आडत्यानं दुसऱ्या हंगामाला दुकान हलवलं. तेव्हापासून वाटूरच्या आसपासच्या गावांत कुणाचं भांडण लागलं की लोक म्हणायचे, जाऊ दे, भुजंगमामाला विचारू.

अशा माणसाचा फोटो. त्याच्या हातात ग्लास. खाली आकडा.

जून-जुलैत फिटगंगाच्या खुर्च्या अकराच्या चाळीस झाल्या.

*

दसऱ्याला बाजारात काट्याची पूजा होते. काटा धुऊन, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घातली की मापाडी सगळ्या हमालांना एकेक करून वर चढवतो, शेवटी स्वतः चढतो आणि सगळ्यांचं वजन पुकारतो. का, ते कुणाला माहीत नाही. वर्षभर ज्यांनी दुसऱ्याचं वजन उचललं त्यांचं एकदा मोजावं, असं कुणाच्या तरी मनात आलं असेल.

कडूबा नेहमीसारखा पहिला आला. मामा आणि कडूबा ही सव्वीस वर्षांची जोडी होती. कडूबानं पोतं ठेवायचं, मामांनी पुकारायचं. दोघं दिवसभर इतके बोलायचे की घरी दोघंही मुके असायचे. मागल्या दसऱ्याला कडूबा एकाहत्तर भरला होता.

मामांनी आकडा पाहिला आणि पुकारला नाही.

“बोल की,” खालून कुणीतरी म्हणालं.

“उतर,” मामा कडूबाला म्हणाले. त्यांनी काट्याखाली खडा आहे का पाहिलं, माळ बाजूला केली, काटा शून्यावर आणला. “चढ पुन्ना.”

पुन्हा तेच. साठ.

“साठ,” मामा एकदाच बोलले.

“अकरा किलो घटवले!” कडूबा काट्यावरूनच ओरडला. त्याच्या गळ्यात हिरव्या फितीचं पदक होतं. वजन घटवल्याबद्दल फिटगंगानं दिलेलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

बाकीचे मोजून झाल्यावर मामांनी कडूबाला गोदामाच्या पायरीवर बसवलं.

“तू कवापसून जाऊन राह्यला तिथं?”

“आखाडापसून.”

“मला बोलला न्हाई.”

“तू मला बोलला का? च्यायला, सव्वीस साल संगं काम करून राह्यलो आन् तू गुपचूप पिऊन एकोणतीसचा झाला. मी इथं पोती वढून म्हातारा झालो. म्हनलं आपुनबी दावू.”

“कडूबा, म्या पेलो न्हाई.”

“गिलास कोनाच्या हातात व्हता मंग? माझ्या?”

मामांनी त्याच्या गळ्यातलं पदक उलटं करून पाहिलं.

“साखरंच्या गोळ्या घेऊन राह्यला ना?” त्यांनी विचारलं. कडूबाला सात वर्षांपासून मधुमेह होता. सरकारी दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या मिळायच्या आणि त्या संपल्या की मामाच आठवण करून द्यायचे.

“कायले? त्यांनी सांगितलं शरीर आतून साफ व्हायलंय. गोळीनं आडथळा येतो.”

“तहान?”

“लय लागती. ते म्हनले चांगलं हाये, घान बाहीर पडून राह्यली.”

“पाय दाखव.”

“पायाचं काय काढलं आता?”

“लंगडून राह्यला तू सकाळधरून. दाखव म्हनलो ना.”

कडूबानं चप्पल काढली. उजव्या पायाचा अंगठा काळानिळा झाला होता आणि नखाच्या कडेनं पाणी येत होतं. “चप्पल चावली,” तो म्हणाला. “दुखत बिलकुल न्हाई.”

साखर असून जखम दुखत नाही, हे ऐकून मामा उठले. त्यांनी भागवतची मोटारसायकल मागून घेतली आणि दसऱ्याच्या दिवशी, गळ्यात पदक आणि खिशात सोनं म्हणून दिलेली आपट्याची पानं असलेल्या कडूबाला आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून जालन्याला नेलं. साखर पाचशेच्या जवळ होती. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? कडूबानं मामांकडे पाहिलं. मामांना वाटलं, ते पाहणं पुकारलेल्या आकड्यासारखं सगळ्या वॉर्डात ऐकू गेलं.

चौथ्या दिवशी अंगठा काढला.

*

“आम्ही बंद करा असं म्हनलोच न्हाई मामा,” कल्याण म्हणाला. “आम्ही म्हनलो, हळूहळू गरज कमी होईल. हे आमच्या फॉर्मवरबी लिहिलेलं हाये. खाली, बारीक अक्षरात.”

“कडूबाला वाचता येत न्हाई.”

“मंग बारीक काय आन् मोठं काय, सारखंच ना?”

तृप्ती टेबलाशी बसून रजिस्टरात काहीतरी लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

“बॅनर काढ,” मामा म्हणाले.

“मामा, दिवाळीआधी महोत्सव हाये आपला. पुण्याहून राधेश्याम सर येऊन राह्यलेत, कंपनीचे. मोठे माणूस हायेत, त्यांच्या हाताखाली नऊ हजार लोकं. तुमचा सत्कार ठिवलाय. शाल, नारळ. तुम्हीच तर आमचा चेहरा.”

“चेहरा माझा हाये ना? मंग मी म्हनतो, काढ.”

“फोटोवर तुमची सही घेतल्ती. आठवतं का? तो एक कागद.”

मामांना कागद आठवला. तेव्हा त्यांना वाटलं होतं, हजेरीची सही आहे.

संध्याकाळी तुळजाबाई आली. ती आली आणि बसली, पाणी घेतलं नाही. “भाऊ,” ती म्हणाली, “पोराचा पक्षी गेला, मोबाइल गेले. हे एक कुठं बसाया लागलंय. तू रुसला म्हनं.”

“रुसलो न्हाई. कडूबाचा अंगठा गेला.”

“त्याला साखर व्हतीच की आधीपसून.”

“व्हती. अंगठाबी व्हता.”

तुळजाबाई पदरानं डोळे टिपून म्हणाली, “सत्काराला ये. येवढंच मागते. चार लोकांत त्याचा पानउतारा नगं.”

द्वारकाबाई चुलीपाशी होती. तिनं वर पाहिलं नाही, पण थापणं थांबलं.

“येतो,” मामा म्हणाले. “पर माझा काटा घेऊन येतो.”

कल्याणला हे कळलं तेव्हा त्यानं फोनवर आनंदानं आरोळी ठोकली. “लाइव्ह वेट! मामा, स्टेजवर! सुपर आयडिया! सरांना लय आवडंल.”

*

महोत्सव फाट्यावरच्या मंगल कार्यालयात होता. हिरवे फुगे, हिरवा पडदा, आणि दारात प्रत्येकाच्या मनगटाला पट्टा बांधून त्याची पावलं मोजायची सोय. मनगटाचा पट्टा पावलं कशी मोजतो हे मामांना समजलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही. आज त्यांच्याकडे विचारायला दुसरं होतं. दोनशे माणसं असतील. पहिल्या रांगेत तुळजाबाई, नवं लुगडं नेसून.

राधेश्याम सर करड्या कोटात होते. ते बोलत नसत, उचंबळत असत. “मित्रांनो, आजारी लोकांचा बाजार जुना झाला! आता निरोगी लोकांचा बाजार येतोय! आणि निरोगी लोक किती जास्त आहेत बघा!” टाळ्या पडल्या. निरोगी लोकांना आपण बाजार आहोत हे ऐकून बरं वाटलं.

मग मामांना शाल मिळाली, नारळ मिळाला. दोघा हमालांनी बाजारातला काटा आणून स्टेजवर ठेवला. मामांनी खालचा हिरवा गालिचा गुंडाळायला लावला, काटा फळीवर बसवला आणि शून्यावर आणला.

“आता मामा स्वतः एका मेंबरचं वजन करतील!” कल्याण माइकवर म्हणाला. “कोण येणार?”

“मी आनलाय,” मामा म्हणाले.

दाराशी रिक्षा थांबली होती. भागवतच्या खांद्यावर हात टाकून कडूबा आत आला. उजवा पाय पांढऱ्या पट्टीत होता. गळ्यात हिरव्या फितीचं पदक तसंच होतं. मामांनी मुद्दाम घालायला सांगितलं होतं. तो आवाज न करता काट्यावर चढला.

“साठ!” मामांनी पुकारलं. “बारदाना, पट्टीचा, पाव किलो वजा. गेल्या सालच्या दसऱ्याला एकाहत्तर. घट अकरा किलो पाव!”

“वा!” राधेश्याम सर उठलेच. “अकरा किलो! जोरदार टाळ्या!”

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. कडूबा काट्यावर एका पायावर भार देऊन उभा राहिला. पहिल्या दोन रांगांना पट्टी दिसली आणि त्यांच्या टाळ्या आधी विझल्या. मागं पोचायला थोडा वेळ लागला. सर सगळ्यात शेवटी थांबले.

“झाल्या?” मामांनी विचारलं. “मी बेचाळीस साल माप करून राह्यलो. पोत्याचं वजन अकरा किलो घटलं तर आमी टाळ्या वाजवत न्हाई. आमी भोक हुडकतो.”

मामांनी कडूबाच्या पट्टीकडं बोट केलं.

“ह्या मानसाला साखर हाये. गोळी बंद केली. का, तर फाट्यावर माझा फोटो. माझ्या हातात गिलास. त्या गिलासातला म्या एक घोट पेलो. लाभ! दुसरा पेलो न्हाई. मी भाकर खातो, पोत्यांमागं पळतो, आन् माझा बाप असाच वाळका व्हता. हे माझं गुपित.”

“मामा, मामा,” कल्याण माइकमध्ये हसत म्हणाला, “मामा गंमत करून राह्यले...”

“माइक बंद करा,” राधेश्याम सर दातांतून म्हणाले.

माइक बंद झाला. ज्या माणसानं बेचाळीस हंगाम ट्रकांच्या भोंग्यांवरून आकडे पुकारले होते त्याचा माइक बंद करणं, हा त्या महोत्सवातला सगळ्यात वाया गेलेला उपाय होता.

“माझं वय एकोणतीस न्हाई!” मामांचा आवाज मंगल कार्यालयाच्या पत्र्याला लागून परत आला. “बासष्ट! आत बासष्ट, बाहीर बासष्ट! ज्यांनी माझ्या फोटोवर गोळ्या बंद केल्या त्यांनी आजच्या आज डॉक्टरकडं जावा. जल्दी जावा. लिवा आता. बासष्ट!”

कुणी लिहिलं नाही.

“बासष्ट बासष्ट बासष्ट!”

सर स्टेजवरून उतरले. दोन माणसांनी मामांचे दंड धरले आणि मग सोडून दिले, कारण त्यांच्या बापांची पोती मामांनी मोजली होती. कल्याण म्हणाला, “मामा, पाया पडतो, बस करा.” पहिल्या रांगेत तुळजाबाईनं मान खाली घातली.

“बासष्ट बासष्ट बासष्ट बासष्ट!”

आकडा टिपला जाईपर्यंत मापाडी थांबत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे वाट बघत होते. शेवटी स्टेजच्या कडेला बसलेल्या तृप्तीनं रजिस्टर उघडलं, पानं मागं उलटली, अक्षय्य तृतीयेचं पान काढलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. एकोणतीसवर रेघ मारली आणि पुढं काहीतरी लिहिलं.

“लिवलं मामा,” ती म्हणाली.

मामा थांबले. त्यांनी शाल काढून घडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र कडूबाला दिला.

महोत्सवात त्या रात्री जेवणासाठी मागवलेले हिरवे डबे बरेच उरले. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात साखर तपासायला सत्तावीस माणसं आली. तिथल्या सिस्टरनं विचारलं, आज कसला कॅम्प आहे का.

*

बॅनर कल्याणनं काढला नाही. मग मामांनीच सकाळी भागवतची शिडी लावली, हमालाच्या लोखंडी आकड्यानं दोऱ्या तोडल्या आणि स्वतःला खाली उतरवलं. नोटीस पाठवीन असं कल्याण म्हणाला. “पाठव,” मामा म्हणाले. “माझं नाव ठावं हाये. वयबी ठावं झालं.” नोटीस आली नाही. दिवाळीनंतर कल्याणनं गाळा बंद केला. आता तो टेंभुर्णीला असतो, असं ऐकण्यात आहे. आतड्यांच्या तंदुरुस्तीचं काहीतरी काढलंय म्हणतात. तृप्ती माहेरी दोन महिने राहून आली आणि आता टेंभुर्णीतल्याच कुठल्याशा औषधाच्या दुकानात बसते.

भाऊबीजेला तुळजाबाई आली नाही. द्वारकाबाईनं पाट मांडून ठेवला होता, तो दुपारी उचलला. “तिला मी जाऊन बघून येऊ का?” तिनं विचारलं. मामा म्हणाले, “जा. मी सांगितलं म्हनू नको.” द्वारकाबाई जाऊन आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मामांनी विचारलं नाही. पुढच्या वर्षीही पाट मांडायचा, एवढं मात्र ठरलं.

बारा फुटी फ्लेक्स चांगल्या जाडीचा होता. बाजारात सोयाबीनचा ढीग ओतायला खाली तो उत्तम होता. मामा दुप्पट आकारात सोयाबीनखाली गेले. कडेला फक्त ग्लास धरलेला हात तेवढा बाहेर राहायचा, आणि ढीग मोजून संपत आला की हसणारे गुलाबी गाल हळूहळू वर यायचे. शेतकरी पाय वाचवून उभे राहायचे. “द्या पाय,” मामा म्हणायचे. “खुशाल द्या.”

कडूबाला आता पोतं उचलता येत नाही. अंगठा गेल्यावर तोल कुठं राहतो, हे बाजारात बाकी कुणाला सांगावं लागलं नाही. तो काट्याशेजारी एका उलट्या डब्यावर बसतो. हा डबा ताकदीचा आहे, फिटगंगाचा. बसायला खरंच मजबूत आहे. तो पोत्यांना सुतळी शिवून देतो. सकाळची गोळी मामांच्या समोर घेतो आणि तोंड उघडून दाखवतो. दर सोमवारी, पहिलं पोतं चढायच्या आधी, काट्यावर चढतो.

एका सोमवारी मामांनी त्याला वर चढवलं, चपला काढायला लावल्या आणि आकडा पाहिला.

“चौसष्ट,” ते म्हणाले.

“वाढलं?”

“वाढलं.”

“अंगठ्याचं किती धरलं?”

“तो सांडला. सांडलेलं मापात धरत न्हाईत.”

आडत्याचा मुनीम अजून आला नव्हता, वही गल्ल्यात कुलपात होती. लिहून घेणारं कुणीच नव्हतं, म्हणून मामा पुकारत राहिले.

“चौसष्ट चौसष्ट चौसष्ट चौसष्ट.”